सक्षम अधिकारी बंगळूरला

कोल्हापुरातल्या घरोघरच्या कॉम्प्युटरचे मालक पुण्यात किंवा बंगळूरला राहतात, हे मी वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. मशीन इथं, टेबल इथं, लाइटबिल इथं, पासवर्ड मात्र बाहेरगावी. मुलगा नोकरीला जाताना आईबापांना एक साधं खातं काढून देतो आणि खरी चावी स्वतःजवळ ठेवतो, म्हातारी माणसं काहीतरी दाबतील आणि वाटोळं करतील म्हणून. मग कधीतरी काहीतरी अडतं, मला बोलावणं येतं आणि पडद्यावर तेच वाक्य दिसतं: परवानगी नाही, ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. त्या वाक्याचा मला आता उबग आलाय. ॲडमिनिस्ट्रेटर मीटिंगमध्ये असतो, आई म्हणते त्याला त्रास नको, आणि मी थंड झालेला चहा पीत बसतो.

मी धैर्यशील. स्कूटरवरून घरोघरी जाऊन कॉम्प्युटर, प्रिंटर दुरुस्त करतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तवनाप्पा आण्णांचा फोन आला तेव्हा माझे कान मिरवणुकीतल्या आवाजानं अजून घुमत होते आणि डोळ्यांवर दोन रात्रींची झोप होती. कुणालाही नाही म्हणालो असतो. पण आण्णा म्हणाले, “यिवून जा. तातडीचं हाय.” आण्णांनी तातडीचं म्हटलं की ते फायलीवर लाल शाईनं लिहिल्यासारखं असतं. निघालो.

तवनाप्पा मगदूम, वय वर्षं चौऱ्याहत्तर, मुक्काम कसबा बावडा. पन्हाळ्याच्या तालुका कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक कारकून. आलेल्या कागदाला आवक क्रमांक द्यायचा, गेलेल्या कागदाला जावक क्रमांक द्यायचा, हेच काम. रोज सकाळी एसटीनं गडावर चढायचं आणि संध्याकाळी उतरायचं. ज्या कागदावर नंबर पडला नाही तो कागद आण्णांच्या लेखी जन्मालाच आलेला नसतो. रिटायर झाले तरी खोड जाईना. घरात वही घातली. गॅसची टाकी आली, आवक. शेजारणीनं दह्याचं भांडं पाठवलं, आवक. भांडं घासून परत दिलं, जावक. त्यांच्या बायको, राजमती आक्का, मला एकदा चहा देताना म्हणाल्या होत्या, “ह्या घरात मला तेवढा नंबर पडला न्हाई बघ, नशीब माझं.” आण्णा तेव्हा हसले नव्हते. विचारात पडले होते.

जैन मंडळींचं दशलक्षण पर्व दहा दिवसांचं असतं. ते पुरं झालं की क्षमावाणी. वर्षभरात जाणता-अजाणता कुणाचं मन दुखावलं असेल तर त्या दिवशी त्याची माफी मागायची. आताशा लोक मोबाइलवर हात जोडलेलं चित्र पाठवतात आणि मोकळे होतात. आण्णांना ते पटत नाही. क्षमा मागायची तर कागदावर, सहीनिशी. अडुसष्टाव्या वर्षी ते एका बोटानं मराठी टायपिंग शिकले ते एवढ्यासाठीच. नातेवाईक, जुने साहेब, शिपाई, दूधवाला, सगळे मिळून एकशे चाळीस पत्रं. कागद लीगल, म्हणजे कचेरीतला लांबडा, कारण ए-फोर हा त्यांच्या मते कागदच नव्हे. वर उजव्या कोपऱ्यात जावक क्रमांक आणि दिनांक. पर्व संपल्याशिवाय छापायचं नाही, आणि क्षमावाणीच्या सकाळी पत्रं घराबाहेर पडलीच पाहिजेत. म्हणजे हातात एकच दिवस. तो दिवस आजचा.

मी गेलो तर टेबलावर पत्रांची चळत पडलेली. दहा दिवस एकवेळ जेवून आण्णांचा आवाज खोल गेला होता. मला म्हणाले, “बघ की जरा. सगळी तळातनं कापली गेल्यात.”

बघितलं. प्रत्येक पत्राचा शेवट गायब. ‘आपण मला उदार मनाने’ इथपर्यंत मजकूर, पुढं काही नाही. नाव नाही, सहीची जागा नाही. कसला तरी अपडेट आला होता आणि त्यानं प्रिंटरचा कागद ए-फोर करून टाकला होता. दोन मिनिटांचं काम. मी प्रिंटरच्या सेटिंगमध्ये गेलो, आणि अपेक्षेप्रमाणं तीच पाटी समोर आली.

“परवानगी न्हाय म्हणतंय,” मी म्हणालो. “ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतंय.”

आण्णांना याचा राग आला नाही. उलट बरं वाटल्यासारखं दिसलं. हे त्यांच्या ओळखीचं होतं. “म्हंजे सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी पाहिजे,” ते म्हणाले. “कोण हाय सक्षम अधिकारी?”

मी खात्याचं नाव वाचून दाखवलं. “अनेकांत.”

आण्णा चळतीतली पत्रं सारखी करायला लागले. आधीच सारखी असलेली.

अनेकांत हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो आणि आण्णा तीन वर्षांत एकमेकांशी बोललेले नाहीत, हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे, आणि का ते पण माहीत आहे. राजमती आक्कांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा अनेकांतला बंगळूरच्या नव्या नोकरीत लागून दोन महिने झाले होते. आण्णांनी त्याला कळवलं नाही. त्याचा फोन आला की सांगायचे, आई देवळात गेलीय. आई झोपलीय. असे आठ दिवस. नवव्या दिवशी पहाटे आक्का गेल्या, आणि शेजारच्या उदयसिंहांनी आपल्या फोनवरून त्याला कळवलं. तो पोचला तोवर सगळी त्याच्यासाठीच थांबलेली होती. त्यानं भांडण केलं नाही, एक शब्द वावगा बोलला नाही. कार्य उरकलं, आणि गेला. तेव्हापासून त्याचा फोन नाही, आणि आण्णांनीही केला नाही. एकाच पोराचा बाप, घरात बाई माणूस नाही, स्वतः भाकरी थापून दिवस मावळायच्या आत एकटाच जेवणारा. दुसरं काही त्यांना नको होतं. पोरानं एकदा आण्णा म्हणून हाक मारावी, एवढंच पाहिजे होतं. बाकीच्या एकशे एकोणचाळीस लोकांनी क्षमा केली काय आणि नाही केली काय.

“फोन लावा त्याला,” मी म्हणालो.

“कामात आसंल. कशाला त्रास त्याला?”

हेच वाक्य. मला माहीत आहे, दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी उदयसिंहांना हेच सांगितलं होतं. एखादा माणूस एकाच चुकीला इतका घट्ट कसा धरून बसतो, मला कळत नाही. चीड आली. दमलेल्या माणसाला लवकर येते.

“दुसरा काय उपाय हाय का?” त्यांनी विचारलं.

“हाय. मशीन दुकानात न्यावं लागंल. दोन दिवस.”

खरं सांगतो, अर्ध्या तासाचं काम होतं. असली कुलपं मी शेकड्यांनी उघडलीत. पण मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं, आणि फोनला दोन मिनिटं लागली असती. यात माझा काही थोर हेतू नव्हता. कुणी तसं समजू नये.

“दोन दिवस जमायचं न्हाय,” आण्णा म्हणाले. “उद्या सकाळी जावक झाली पायजेत.” भिंतीवर आक्कांचा फोटो होता, तिकडंही बघेनात.

मीच त्यांची यादी ओढली. कचेरीच्या रजिस्टरसारखी आखलेली, नाव, पत्ता, फोन. अनेकांत तवनाप्पा मगदूम, क्रमांक एकशे बारा. दूधवाल्याच्या खाली आणि गॅस एजन्सीतल्या गुंडूच्या वर. मी माझ्या फोनवरून नंबर लावला. पासवर्ड टाइप करायला दोन्ही हात मोकळे पाहिजेत म्हणून स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर ठेवला. आण्णा उठून उभे राहिले. साहेब आल्यावर राहतात तसे.

चौथ्या रिंगला उचलला.

“हॅलो, अनेकांत काय? मी धैर्यशील बोलतोय. कसबा बावड्यातनं, तुमच्या घरातनं.”

 पलीकडून एकच शब्द आला.

“कधी?”

मला उमगलं नाही. “काय कधी?”

“आण्णा. कधी गेले?”

मागच्या वेळीही असाच, शेजाऱ्याच्या अनोळखी नंबरवरून फोन गेला होता. आण्णांनी खुर्चीची पाठ धरली.

“मी हाय,” ते म्हणाले. “अनेकांत, मी हाय अजून.”

तिकडून नुसता श्वास ऐकू आला. मग त्याचा आवाज आला, आणि तो चिडलेला होता. “मग हे कोण? काय झालंय?”

मी घाईघाईनं सांगितलं. प्रिंटर, सेटिंग, पासवर्ड. सांगताना माझं मलाच लाजिरवाणं वाटत होतं.

“प्रिंटर,” तो म्हणाला. “काय छापायचंय?”

“क्षमावाणीची पत्रं.”

तो हसल्यासारखं काहीतरी झालं. मग म्हणाला, “लिहून घ्या.” मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, मधे एक चिन्ह. आईचं नाव वगैरे काही नव्हतं, कंपनीत ठेवतात तसला पासवर्ड होता. मी टाइप केला, खिडकी उघडली, कागद लीगल केला, एक पत्र सोडलं. प्रिंटर घरघरला आणि पत्र अख्खं बाहेर आलं, तवनाप्पा मगदूम या नावापर्यंत. माझं काम संपलं. फोन बंद करायला मी हात पुढं केला.

“आण्णा,” अनेकांत म्हणाला.

हात तसाच मागं घेतला.

“तीन वर्षं झाली, पत्र येतंय. वर जावक क्रमांक, खाली तुमची सही. मधी जाणता-अजाणता. मला एवढंच सांगा, जाणता का अजाणता?”

उठून बाहेर जायला पाहिजे होतं, मला कळत होतं. पण आण्णा दाराच्या बाजूला उभे होते आणि त्यांना ओलांडून जायचं धाडस होईना.

“जाणता,” आण्णा म्हणाले.

खुर्चीची पाठ सोडून ते फोनकडं वाकले.

“जाणूनबुजून कळवलं न्हाय मी. नवी नोकरी, रजा मागावी लागंल, साहेबाच्या मनातनं उतरशील, आसं डोक्यात. चौतीस वर्षांत मी आईबापाच्या दुखण्याला रजा काढली न्हाय, तर तू कशाला काढायची, आसंबी वाटलं. दोन दिवसांत घरी येती म्हणालते डॉक्टर. मग चार म्हणाले. मग सांगायचं कसं ते कळंना. चूक माझी हाय. पत्रात लिवायला पायजे हुती, लिवता आली न्हाय.”

“आईनं इचारलं काय माझं?”

म्हातारा खोटं बोलला असता तर मी त्याला दोष दिला नसता. नाही म्हणाला असता तर पोराला झोप लागली असती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, नाही म्हणा आण्णा, नाही म्हणा.

“रोज,” आण्णा म्हणाले. “सकाळ-संध्याकाळ इचारायची, आला काय. मी सांगायचो, गाडीत बसलाय. हुबळीपर्यंत आलाय. बेळगावपर्यंत आलाय.”

“आणि शेवटच्या दिवशी?”

आण्णा आता फोटोकडं बघत होते. “त्या दिवशी इचारलं न्हाय तिनं. माझ्याकडं बघितलं नुसतं. तिला कळलं हुतं मी फसवतोय ते. मला म्हणाली, तुमी जेवून या.”

एवढं बोलून ते थांबले. त्यांचं सांगून झालं होतं. तीन वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, उदयसिंहांना नाही, देवळात महाराजांसमोर नाही. आता मुलाला सांगितलं, आणि मुलगा कायमचा दुरावला तरी ते परत घेता येणार नव्हतं.

फोनवर गाड्यांचे हॉर्न येत होते. तो रस्त्यावर कुठंतरी उभा असावा. मी स्क्रीनकडं बघितलं, कॉल चालूच होता, सेकंद पुढं सरकत होते. बाहेर उजेड कमी होत चालला. शेजारी कुणीतरी जेवायला हाक मारली. आण्णांची आमटी गॅसवर झाकलेली होती, आणि दिवस मावळला की ते आज जेवणार नव्हते, हे मला आणि त्यांना दोघांनाही माहीत होतं. ते जागचे हलले नाहीत.

बऱ्याच वेळानं आवाज आला, ओला आणि अगदी जवळून आल्यासारखा.

“मला आत्ता काय बोलता येत न्हाय, आण्णा.”

“बरं,” आण्णा म्हणाले.

“पण फोन ठेवू नका.”

“न्हाय ठेवत.”

आण्णा खुर्चीत बसले आणि दोन्ही हात टेबलावर, फोनच्या दोन बाजूंना ठेवले. फोन माझा होता, म्हणून मीही बसलो.