गिरणीवाल्या आत्याची गोळी

भर पौषात पंखा लावून बसणारी बाई मी एकच पाहिली. जवळा बाजार या गावी पिठाची गिरणी चालवणारी माझी आत्या. दळणाला आलेल्या बायका शालीत गुरफटलेल्या असत आणि आत्या पदराने मान पुसत विचारी, "काहून कुडकुडून राहिल्या गं?" तिची पाळी बंद होऊन दोन वर्षे झाली होती. रात्री घामाने गोधडी भिजे, झोप लागत नसे आणि सकाळी एकीच्या गव्हात दुसरीची ज्वारी दळली जाई.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, तीही आत्यामुळे. आमच्या खेड्यात सातवीपुढे शाळा नव्हती, म्हणून तिने मला आपल्या घरी आणून ठेवले. त्यामुळे मीच तिला हिंगोलीला बायकांच्या डॉक्टरकडे नेले.

डॉक्टरबाईंनी सगळे तपासून नीट समजावले. हार्मोनच्या गोळ्यांनी अंगातून उठणाऱ्या गरम वाफा आणि घाम कमी होतील, झोप लागेल, हाडेही टिकतील. पण रक्ताची गुठळी होण्याचा थोडा धोका असतो आणि बरीच वर्षे घेतल्यास स्तनाच्या कॅन्सरचाही. "तुम्हाला धोका कमी, फायदा जास्त. दरवर्षी दाखवायला या. आणि ही गोळी फक्त तुमची, दुसरीला द्यायची नाही."

"बराबर," आत्या म्हणाली. एसटीत बसल्यावर मात्र म्हणाली, "डाक्टरीन हुशार हाय, पण जरा चिकट वाटली."

आत्याचे एक म्हणणे होते, "एकटीनं खाल्लेलं अंगी लागत न्हाई." लोणचे असो की विरजण, गुण आला की ते गिरणीतून वाटले जाई. महिनाभरात ती गाढ झोपू लागली आणि एका दुपारी पाहते तो काय, आत्या कात्रीने गोळ्यांचे पाकीट कापून एकेक तुकडा दळणाच्या डब्यांवर ठेवत होती!

ते तुकडे गोळा करत मी विचारले, "आणखी कोणाला दिल्या?"

"शेवंताला. अख्खं पाकीट. लई तकलीफ हाय बिचारीला. जेवल्यावर घे म्हनलं."

शेवंतामावशी तिची जिवाची मैत्रीण. तिचे स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले होते. मी तेवढी आठवण करून दिली आणि आत्या चालती गिरणी सोडून अनवाणी पळाली, मी तिच्यामागे.

शेवंतामावशी जेवत होती. पाकीट ताटाशेजारीच होते, अजून न फोडलेले.

"दे ते इकडं!"

"दिलेलं परत घेतात व्हय गं?" मावशी पाकिटावर बसली. "तू एकटीच गार झोपतीस!"

आत्या तिला ढकलू लागली, ती हलेना. शेवटी आत्या मटकन खाली बसली. "शेवंते, तुझं ते दुखणं ह्या गोळीनं परत उठंल म्हन्ते ही पोरगी. तू गेल्यावर मी गार झोपून काय करू?"

मावशीने पाकीट काढून दिले. मग म्हणाली, "मंग माझ्या वाफांचं काय?"

दुसऱ्या दिवशी आत्या तिला घेऊन हिंगोलीला गेली. डॉक्टरबाईंनी हार्मोन नसलेले वेगळे औषध दिले. तेव्हापासून आत्याने गोळ्या वाटणे सोडले आणि डॉक्टरीन वाटायला घेतली. दर आठवड्याला गल्लीतली एखादी तरी बाई तिच्यासोबत एसटीत असे.

मला नांदेडला नोकरी लागली. निघाले त्या सकाळी स्टँडवर आत्या होती, पण माझ्यासाठी नाही. चार बायकांना ती हिंगोलीच्या गाडीत चढवत होती आणि शेवंतामावशी आतून जागा धरून ओरडत होती. माझे डोळे भरून आले. मी पाया पडायला वाकले.

"लवकर पड गं माय," आत्या म्हणाली, "गाडी सुटून राहिली."