बाराव्या पिशवीतली सुकेळी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. घराला कुलूप लावल्यावर मी ते तीनदा ओढून बघतो आणि फाटकापर्यंत जाऊन परत येतो. बायको म्हणते, तुम्ही स्वर्गाच्या दारात पोचलात तरी तिथल्या संतालाच आधी विचाराल, 'आपण कोण?' एरवी मी या स्वभावाची बाजू घेतो, कारण मास्तरकीत तो उपयोगी पडतो. कॉपी करणारा पोरगा मला पाठमोराही ओळखू येतो. पण एकदा याच स्वभावाने माझं जे नुकसान केलं, ते काही भरून आलं नाही.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. मी वसईत आमच्या चर्चच्या शाळेत शिकवायचो आणि शाळेचं स्काउट पथकही माझ्याकडेच होतं. त्या वर्षी फादरांनी ठरवलं की मे महिन्याच्या सुट्टीत चर्चमधली चार माणसं आणि स्काउटची मुलं घेऊन परदेशात मिशनच्या सेवेला जायचं. परदेश म्हणजे नेपाळ. तिथे डोंगरात सिस्टरांची एक लहानशी शाळा होती. तिची दगडी भिंत पावसात ढासळली होती आणि ती उभी करायला हात हवे होते. पासपोर्ट लागत नाही, रेल्वेने जाता येतं, आणि तरी परदेश तो परदेश. आमची पोरं फॉरेनला चालली अशी बातमी नायगावपर्यंत गेली. जो भेटेल तो मला छत्री नाहीतर ट्रान्झिस्टर आणायला सांगू लागला.

संशय मात्र घरोघर होता. आमच्याच लोकांना वाटे, फादर दोन-चार पोरं पाद्री करायला सेमिनरीत ठेवून येणार. एक म्हातारी मला चर्चच्या पायरीवर म्हणाली, "भिंतच बांधायची तर एवढ्या लांब कशाला? आपल्या दफनभूमीची पडलीच हाय की." बाहेरच्यांना दुसराच संशय. धर्मांतराविरुद्ध दिल्लीत कायदा येणार अशी पेपरांत चर्चा होती, आणि नेपाळात तर तसा कायदा आधीपासूनच होता. म्हणून फादरांनी आम्हाला सक्त ताकीद दिली होती. क्रूस शर्टाच्या आत ठेवायचा, रस्त्यात भजन म्हणायचं नाही, कुणी विचारलं तर दगड उचलायला आलोय एवढंच सांगायचं. आम्ही खरोखर दगडच उचलायला चाललो होतो, पण ते सांगताना मलाच उगाच खोटं बोलल्यासारखं वाटे.

मुलं बारा होती. अकरा आमच्या कॅथलिक घरांतली आणि बारावा माझ्या शेजाऱ्यांचा. शेजारी हिंदू, फुलाकेळींची वाडी करणारे. आमच्या आणि त्यांच्या वाडीत विहीर एकच, पाण्याच्या पाळ्या आजोबांच्या काळापासून ठरलेल्या. दरवर्षी मे महिन्यात ते सुकेळी घेऊन आमच्याकडे येत. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली ही सुकेळी आमच्याकडची खासियत. दिसायला काळपट, बोटाला चिकटणारी, चवीला मधासारखी. वाळक्या केळीच्या पानात गुंडाळून सोपटाच्या, म्हणजे केळीच्या खोडाच्या सुकल्या सालीच्या, दोरीने ती घट्ट बांधायची, नाहीतर मुंग्या सोडत नाहीत. शेजारी ओट्यावर बसत, गाठ स्वतःच्या हाताने सोडत आणि पहिलं सुकेळं माझ्या हातावर ठेवत. नाताळला आमच्याकडून त्यांच्याकडे ताट जाई. यात कधी खंड पडला नव्हता.

त्यांचा मुलगा पथकात सगळ्यांत हुशार. गाठी बांधाव्या त्याने, तंबू ठोकावा त्याने. त्याच्याशिवाय पथक नेणं मला पटेना, म्हणून मी स्वतःच त्यांच्याकडे विचारायला गेलो.  नातेवाइकांनी त्यांचे कान भरले होतेच. जूचंद्रहून मुलाचे मामा मुद्दाम येऊन सांगून गेले होते की पोर परत येईल ते गळ्यात क्रूस घालून. शेवटी ते म्हणाले, "मास्तर, तुमी हाव म्हणून पाठवतो. जसा नेताय तसा आणा."

मी त्यांच्या देवघरासमोर उभं राहून शब्द दिला. तो शब्द मला फार जड वाटला, आणि खरं सांगायचं तर थोडा सुखावणाराही.

शब्द पाळायचा म्हणून मी वाटेत फादरांवर पाळत ठेवली. ज्या माणसापाशी मी आयुष्यभर पापं कबूल केली, त्याच्यावर! फादर मुलाच्या खांद्यावर हात ठेवून काही बोलू लागले की मी जवळ जाऊन उभा राही. ते बहुधा क्रिकेटबद्दलच बोलत असत. डोंगरावर पोचल्यावर संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मी त्याला पाणी भरायला पाठवी. एकदा तो पाणी भरून लवकर परतला आणि इतरांबरोबर हात जोडून उभा राहिला. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. तो गोंधळून म्हणाला, "सर, सगळे उभे होते म्हणून उभा राहिलो." मी म्हटलं, "तू नको."

काम मात्र पोरांनी झकास केलं. आठवडाभर दगड वाहून भिंत छातीपर्यंत आली. सिस्टरांनी परतीच्या दिवशी उकडलेली अंडी बांधून दिली.

याच दिवसांत मला त्याच्या पिशवीतलं पुडकं दिसलं. खाकी पाठपिशवीच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेलं. तो ते कुणाला हात लावू देत नसे. एकदा पिशव्या हलवताना मी ते वरून चाचपलं. आत लांबट, टणक असं काहीतरी होतं. मी विचारलं, "काय आहे रे?" तो म्हणाला, "घरचं आहे, सर." आणि पिशवी ओढून घेतली. घरचं असेल तर दाखवायला काय हरकत? तिथून माझं डोकं चालू झालं.

परत येताना सीमेजवळच्या बाजारात आम्ही दोन तास थांबलो. दुकानांत परदेशी माल खच्चून भरलेला. बाकीची पोरं छत्र्या बघायला पळाली. हा म्हणाला, "मी पिशव्या सांभाळतो." झालं! बाजारात येऊन ज्याला काही घ्यायचं नाही, त्याने ते आधीच घेतलेलं असणार, असा मी हिशेब केला. घड्याळं? की आणखी काही? तिकडे काय काय मिळतं हे मी ऐकून होतो.  चर्चच्या पोरांकडे चोरटा माल सापडला, ही बातमी त्या दिवसांत कुठवर गेली असती!

सीमेवर कस्टमचा अंमलदार टेबल टाकून बसला होता. गणवेशातली बारा मुलं आणि परतताना पुन्हा झगा चढवलेले फादर पाहून तो कंटाळलेला चेहरा करून म्हणाला, "मास्टरजी, सब की खोलूँ, या आप बताएँगे किस की देखूँ?" त्याला लवकर मोकळं व्हायचं होतं. मी 'आमची मुलं चांगली आहेत, कुणाचीही बघा' म्हणालो असतो तर त्याने वरवर एक पिशवी उघडून आम्हाला सोडलं असतं, असं आज मला वाटतं.

मी बोट दाखवलं. बाराव्या पिशवीकडे.

ते बोट मी का दाखवलं याची कारणं मी पुढे स्वतःला पुष्कळ दिली. पथकाची अब्रू, चर्चची अब्रू, बापाला दिलेला शब्द. खरं कारण एवढंच की अकरा पोरं आमची होती आणि हा आमचा नव्हता. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

अंमलदाराने टॉवेल सोडला. आत वाळक्या पानाचं, सोपटाने आवळून बांधलेलं पुडकं. ते पाहताक्षणी मला कळलं. पण त्याला कसं कळणार? त्याने दोरी कापली, आतली काळपट चिकट कांडी वास घेऊन पाहिली आणि ताडकन उठला. "चरस?" मुलगा म्हणाला, "केला है साहब, सूखा केला." अंमलदार हसला. असलं काळं केळं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने दुसऱ्याला हाक मारली. दोघांनी मिळून चाकूने एकूण एक सुकेळं उभं चिरलं, आत काही लपवलंय का ते बघायला. मी आणि फादर ओरडून सांगत होतो, पण आता आमचं कोण ऐकतो? शेवटी दुसऱ्याने एक तुकडा जिभेवर ठेवला, मान डोलावली आणि आणखी दोन उचलले. आम्हाला जा म्हणाले.

मुलगा रडला नाही. त्याने चिरलेले तुकडे पानात गोळा केले. दोरी कापली गेली होती, म्हणून ते नीट बांधता येईनात. पथकात सगळ्यांत चांगल्या गाठी मारणारा तो.

गोरखपूरहून गाडी सुटल्यावर मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "अरे, सुकेळी आहेत हे मला सांगायचं नाही का?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाबांनी सांगितलं होतं, कोणाला दाखवू नको. तिकडे कोणी जबरदस्ती केली, पळून यायची वेळ आली, तर वाटेत खायला दिली होती."

मला आधी राग आला, हेही कबूल करतो. देवघरासमोर माझा शब्द घेतला आणि मागून पोराच्या पिशवीत पळून येण्याची शिदोरी भरली! माझ्यावर अविश्वास! असा मी मनातल्या मनात दोन स्टेशनं फणफणत होतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मग मला ते टेबल आठवलं आणि माझं बोट आठवलं. बापाचा संशय खोटा ठरावा म्हणून पोराने ते पुडकं जसंच्या तसं परत आणलं होतं. सोडायची वेळ आली नाही, हे बापाला दाखवायला. ते मी सोडवलं.

मुलाने तुकडे डब्यात सगळ्यांना वाटले. माझ्यासमोर पान धरलं तेव्हा म्हणाला, "घ्या सर." मी घेतला. तोंडात घातला.

वसईला शेजारी स्टेशनवर आले होते. त्यांनी पोराला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात जोडून मला म्हणाले, "शब्द पाळलात, मास्तर." मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "जसा नेला तसा आणला." मुलगा माझ्याकडे बघत होता. 

घरी तो काय बोलला ते मला माहीत नाही. आठच दिवसांनी शेजारी नेहमीप्रमाणे सुकेळी घेऊन आले. दर वर्षी यायची तेवढीच, तशीच टपोरी. पण या वेळी पान नव्हतं आणि दोरीही नव्हती. उघड्या ताटात मांडून आणलेली.

बायको म्हणाली, "अहो भाऊ, मुंग्या लागतील की. सोपट संपलं काय?"

"सोपट हाय वहिनी," ते म्हणाले. "मास्तरांना बघायला बरी, म्हणून उघडीच आणली."

मी म्हटलं, "बसा ना." ते म्हणाले, पाण्याची पाळी आहे. त्या दिवशी पाळी आमची होती.