धसका मेस्त्रींचं झाकण

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली धसका मेस्त्री म्हणते. तोंडावर म्हणते आणि ह्यांना त्याचं काही वाटत नाही. वाटायचं ते मला. मोटारसायकली दुरुस्त करणारा माणूस स्वतः मोटारसायकलवर बसत नाही, हे नऊ वर्षं लोकांना समजावत बसायचं म्हणजे काय चेष्टा आहे? गाडी तयार झाली की गिऱ्हाइकाने दारापुढे चक्कर मारायची आणि ह्यांनी पायरीवर उभं राहून, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून, ती परत येईपर्यंत बघत राहायचं. मी आतून बघायचे आणि मनातल्या मनात चरफडायचे.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिरांच्या गाडीचं मागचं चाक ह्यांनी बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी भाऊजी वळणावर पडले. दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्या ह्यांनी रुमालासाठी खिशात हात घातला, तर त्याच चाकाचा नट हाताला लागला. भाऊजी वाचले, उजवा पाय तेवढा दोन बोटं आखूड राहिला. ते त्यावरून हसतात, डॉक्टरांनी माझा एक नट ठेवून घेतला म्हणतात. हे कधी हसले नाहीत. धंदा सोडतो म्हणाले, पण दुसरं काही येत नव्हतं. मग त्यांनी आपल्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे मला शिवून बंद करायला लावले आणि बिस्किटांच्या डब्याचं एक पत्र्याचं झाकण घेतलं. गाडीतून निघालेली प्रत्येक वस्तू त्या झाकणात ठेवायची. एखादी नवी बसवायची असेल तर जुनी टाकून तिच्या जागी नवी ठेवायची. काम संपलं की झाकण रिकामं झालं पाहिजे. ते उजेडात धरून, तिरकं करून, कडेने बोट फिरवून बघायचं आणि मगच गिऱ्हाइकाला हाक मारायची, या, आता चाक तुम्ही फिरवून बघा.

त्या मंगळवारी सकाळी गिऱ्हाईक म्हणून आमची लेकच आली. ती नर्स आहे, घरोघरी जाऊन पेशंटचं ड्रेसिंग करते. तिची गाडी म्हणजे ह्यांचीच जुनी मोटारसायकल, तिच्याहून वयाने पाच वर्षांनी मोठी. गाडी मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी चालते, म्हणाली. दहा वाजता टेकडीपलीकडच्या एका आजोबांकडे पोचायचं होतं आणि साडेआठ तर इथेच वाजले होते.

ह्यांनी आधी ओल्या फडक्याचं टोक मागच्या चाकाच्या ड्रमला टेकवलं. चर्र आवाज आला, इतका तो तापला होता. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक फिरवलं तर ते अर्धा फेरा जाऊन थांबलं. ब्रेकचा पायडल हाताने दाबून सोडला, तो आळसावल्यासारखा सावकाश वर आला. आता दुखणं पायडलकडे आहे की ड्रमच्या पोटात, हे बघायला त्यांनी मागचा नट सोडून ब्रेकची सळई वेगळी केली. चाक तरीही जड. म्हणजे दुखणं पोटातलं.

चाक उतरवून उघडलं तेव्हा काळी भुकटी खाली सांडली. ब्रेक दाबला की आतला कॅम वळतो आणि दोन्ही लायनर ड्रमला घासायला बाहेर ढकलतो; सोडला की स्प्रिंग त्यांना परत ओढते. तो कॅम गंजून आपल्या भोकात आवळला होता आणि स्प्रिंगमध्ये जीव उरला नव्हता. ह्यांनी कॅम रॉकेलने धुतला, पॉलिश पेपरने घासला, बोटाच्या टोकावर येईल एवढंच ग्रीस लावलं. जास्त लावलं तर ते लायनरवर उतरतं आणि ब्रेक लागेनासा होतो. स्प्रिंग नवी टाकली. चाक बसवून, सळई जोडून फिरवलं तर सहा फेरे गेलं.

शेवटी राहिली ती पट्टी. ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी तिला धरून असते. तिच्या बोल्टचा नट आधी नुसता हाताने लावायचा. मग पान्याने शेवटचा पीळ द्यायचा, नटाची खाच बोल्टमधल्या भोकासमोर आणायची आणि आरपार पिन घालून तिचे पाय फाकवायचे. ती पिन नसली तर नट हलत हलत निघून पडतो, पट्टी सुटते, आणि ब्रेक दाबताच चाक जागच्या जागी जाम होतं.

नट हाताने लावून झाला होता. तेवढ्यात सव्वानऊ वाजले. लेक हेल्मेट हातात घेऊन येरझाऱ्या घालत होती आणि हे पाना उचलायच्या आधी फडक्याने एकेक बोट पुसत होते. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, पुरे झालं आता, पेशंट वाट बघतोय, तुमच्या भीतीपायी पोरीची नोकरी जायची. आणि झाकण उचललं, लांबूनच त्यांच्यापुढे धरून हलवलं.

“हे बघा, रिकामं. झालं समाधान?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. झाकणाकडे नाही, माझ्याकडे. मग माझ्या शब्दावर, पिन बसलीच असं धरून फडकं खाली ठेवलं. लेक गाडीवर बसली आणि गेली. चाक फिरवून बघायला तिला कुणी बोलावलंच नाही.

मला जिंकल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. त्याच तोऱ्यात झाकण घासायला घेतलं. काठाच्या आतल्या वळणात ग्रीसचा लपका होता. तो अंगठ्याने काढला तर त्याच्याबरोबर नवी कोरी पिन निघून साबणाच्या पाण्यात पडली.

मी ती पाण्यातून वेचून काढली. मग ओल्या हातांनी बाहेर गेले आणि पिन ह्यांच्यापुढे धरली. काही सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा दवाखान्यातल्या त्या बाकावर झाला होता तसा झाला.

त्यांनी दुकानातल्या फोनवरून लेकीला तीनदा फोन लावला. रिंग जात होती, पण गाडी चालवताना ती फोन घेत नाही, हेही ह्यांनीच शिकवलेलं. टेकडीचा चढ चढताना भीती नव्हती. भीती पलीकडच्या उताराची होती, तिथे ब्रेक दाबल्याशिवाय भागत नाही. दारात पोस्टमनची दुरुस्त झालेली गाडी उभी होती. हे तिच्याकडे बघत राहिले. मग चावी घेतली, ती दोनदा भोकाच्या बाजूला लागली.

“बस मागे,” ते म्हणाले. “माझा डोळा चुकला तर तू बघ.”

नऊ वर्षांनी मी त्यांच्या मागे बसले. सदरा धरला तर पाठ घामाने चिंब झालेली. गाडी आधी दोनदा बंद पडली, मग सुटली. वाटेत एका वळणावर माणसं जमलेली दिसली. कुणाचंतरी टेबल टेम्पोतून खाली पडलं होतं, इतकंच. पुढे रस्त्याकडेला काहीतरी निळं पडलं होतं. लेकीची बॅग निळी. जवळ गेल्यावर तो प्लास्टिकचा कागद निघाला. मी रस्त्यावर नट शोधत होते, जणू तो सापडला असता तर काही उपयोग होता. सारखं एकच डोळ्यांपुढे येत होतं, मी हलवलेलं ते झाकण.

चढ संपतो तिथे एक मैलाचा दगड आहे. त्याच्या शेजारी जुनी मोटारसायकल मधल्या स्टँडवर उभी होती आणि आमची लेक दगडावर बसून फोन कानाला लावत होती. ती मला लावत होती आणि माझा फोन घरी स्वयंपाकघरात वाजत होता, ते मागाहून कळलं. हे गाडीवरून उतरले, तिच्या डोक्यावरून, खांद्यांवरून हात फिरवला आणि तिथेच मातीत बसले. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

लेक सांगत होती, नट बोटाने फिरत होता. सीटखालच्या पान्याने तो आवळला, पिन नव्हती म्हणून केसांतला आकडा आरपार घालून वाकवला, आणि तरीही एवढ्यावर उतार उतरायचा धीर होईना म्हणून आजोबांना उशीर होईल असं कळवून बसून राहिले. मी बघितलं. बोल्टमध्ये तिचा काळा आकडा होता.

“पण तू थांबलीस कशी?” मी विचारलं.

तिने सुटलेले केस कानामागे सारले. मग म्हणाली, “आई, झाकण बाबांनी दाखवलं असतं ना, तर मी थांबले नसते.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला लागलं ते त्यामुळेच जास्त.

ह्यांनी पिन आणली होती, मुठीत धरून. खिसा नव्हताच. आकडा काढून ती घातली, सीटखालच्या पकडीने तिचे पाय फाकवले आणि लेकीला म्हणाले, चाक फिरवून बघ. तिने फिरवलं. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, तूही. मी नऊ वर्षांत त्या दुकानातल्या एकाही चाकाला हात लावला नव्हता. फिरवलं. ते फिरत राहिलं, आणि थांबेपर्यंत मी माझं मनगट धरून उभी होते.

परत येताना त्यांच्याने गाडीवर बसवेना. पोस्टमनची गाडी आम्ही दोघांनी घरापर्यंत ढकलत आणली.

आता काम संपलं की हे झाकण उजेडात धरतात, तिरकं करतात, कडेने बोट फिरवतात. मग मला हाक मारतात. मी कणकेचे हात धुऊन बाहेर जाते आणि त्याच कडेने माझं बोट फिरवते, पूर्ण गोल, कितीही घाई असली तरी.