पेल्यातलं भेव

आमच्या वर्ध्याच्या घरी नळाला जड पाणी येते. हंड्याच्या बुडाशी पांढरा थर बसते, तुरीची डाळ तासभर शिजत नाही. बायकोला मूतखडा झाला, तेव्हा मी त्या थराकडे बोट दाखवून म्हटलं, "हेच गोटे तुह्या पोटात जाऊन राह्यले. कमी पेत जा." तिनं माझं ऐकलं. पुढं दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर माझ्यावरच खेकसला, "खडा झाल्यावर तर पाणी जास्त प्यायचं असते, बाबा!" तोवर तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तिला पाण्यानं मारलं की माझ्या तोंडानं, हे मला आजही समजत नाही.

आता सुटीत नात आली आहे. ती पेला तोंडाला लावते अन् मी तिचा घोट न् घोट पाहत बसतो. मोरीतून आली की मी विचारतो, "लघवीले जळजळ तर नाई होत ना?" काल दुपारपर्यंत तिनं पाण्याला हातच लावला नाही. ओठ सुकले होते.

"काऊन वं, तहान नाई लागली?"

"लागली आबा. पण तुमी असे टकमक पाह्यता, मले भेव लागते."

मी त्याच नळाचं पाणी पेल्यात भरलं. अर्धं तिच्यासमोर प्यालो अन् उरलेलं तिला दिलं. "पे माय, पोटभर पे."

ती पेली. तोवर मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.