वजन केलेल्या मालाला हात लावायचा नाही

मी मुजीब. माधवनगर रस्त्याला माझं सायकलचं दुकान आहे, आणि ह्या हौशी सायकलवाल्यांचं खूळ माझ्या लय डोक्यात जातं. आधीच सांगून टाकलं, म्हणजे मागनं कुणी फुगून बसायला नको. आमच्या ग्रुपवर सकाळ उजाडली की सुरू. कुणी नव्या टायरचा फोटो टाकतो, कुणी नव्या गिअरचा. इथल्या इथं कुंडलला जाऊन आलेला माणूस नकाशा असा टाकतो, जसं काय लडाख करून आलाय! त्यांच्यावरच माझी चूल पेटते, म्हणून मी मुकाट अंगठ्याचं चित्र पाठवतो.

ह्या सगळ्यांवर वरताण कोण, तर विट्याचे कृष्णातदादा. दादांचा धंदा गलाईचा, म्हणजे सराफांचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. विट्याकडची माणसं त्या धंद्यापायी कुठं कुठं पांगलीत. दादांनी एकतीस वर्षं त्रिचीला भट्टीपुढं काढली. अंबूवहिनी विट्यात, दादा तिकडं, भेट दिवाळीला नाहीतर कुणाच्या लग्नाला. सत्तावन्नाव्या वर्षी पोराच्या, ऋषिराजच्या, हातात दुकान देऊन घरी आले. डॉक्टर म्हणाले, जरा हिंडाफिरा. ह्यांनी माझ्याकडनं सायकल घेतली.

घरी नेऊन पहिलं काम काय केलं असेल? तिचं वजन! मग एकेक नग काट्यावर चढायला लागला. घंटी निघाली. स्टिकर खरवडले, नऊ ग्रॅम. सीटची दांडी आत जास्तीची होती ती कापली, अडतीस ग्रॅम. रोज ग्रुपवर फोटो आणि खाली, ‘आज एवढे कमी.’ शेवटी जादाची ट्यूब आणि पंपसुद्धा फडताळात गेला. सीटखालची पिशवी तेवढी राहिली, ती मी भेट दिलेली म्हणून, भिडेखातर. आमच्यातली साक्षी दातांची डॉक्टर आहे, पण धार तिच्या जिभेला. तिनं विचारलं, “दादा, पोट कवा काढताय?”

दादा म्हणाले, “ते कंपनी फिटिंग हाय.”

एवढा आटापिटा एकाच गोष्टीसाठी. साताऱ्याचा यवतेश्वरचा घाट त्यांना पाय न टेकता चढायचा होता. दोनदा गेले आणि दोनदा टेकला. दुसऱ्या खेपेनंतर आठवडाभर ग्रुपवर फोटो नाही की काही नाही. मला करमेना, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या खेपेला मी आणि साक्षी पहाटे जीप घेऊन विट्याला गेलो. दादांनी सायकल लटकत्या काट्याला अडकवली होती. आठ किलो नऊशे. “बास,” म्हणाले. “आता वर पोचल्यावर परत बघायचं. तवर वजन केलेल्या मालाला हात लावायचा न्हाई. भट्टीत जाताना एकदा, भाईर आल्यावर एकदा, हीच आमची रीत.”

ते बूट घालायला आत गेले तशा वहिनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. पंप, ट्यूब, घंटी आणि एक स्टीलचा डबा. “मुजीबभाऊ, हे गपचिप त्या पिशवीत कोंबा. आडरानात पंक्चर झाली तर काय करत्याल? डब्यात शेंगदाण्याचं लाडू हाईत.”

आता बोला! ट्यूबशिवाय माणूस घाटात सोडायचा, हे माझ्या धंद्यालाच पटणारं नव्हतं. साताऱ्यात दादा पोहे खात होते तेवढ्यात मी सगळं पिशवीत कोंबलं आणि मिशीत हसलो.

ते हसू घाटाच्या पायथ्याला जिरलं. दादा सायकलीवर टांग टाकता टाकता म्हणाले, “मुजीब, आज पाय टेकला तर सायकल तुझ्या दुकानात, आन मी सोमवारच्या गाडीनं त्रिचीला. ऋषिराजला तिकीट काढाय सांगितलंय. हितं बसून करू काय? एक घाट हुईना गड्या माझ्याच्यानं.”

माझा हात पिशवीकडं गेला. सांगू, म्हणेपर्यंत दादा निघालेसुद्धा.

मी माझ्या सायकलीवर मागनं. साक्षी जीप घेऊन माझ्या मागं. पहिली वळणं बरी गेली. मग जिथं दोन्ही वेळा पाय टेकला होता तो चढ आला आणि दादांचं चाक डोलायला लागलं. इकडं कठड्याकडं, तिकडं डोंगराकडं. नऊ ग्रॅमवरनं ज्या माणसाची मी वर्षभर टिंगल केली, त्याच्या सीटखाली सव्वा किलो लोंबत होतं, आणि ते घालणारा मी. वहिनींचा माणूस एका लाडवाच्या डब्यापायी परत चालला असता. “या अल्ला, एवढा चढ काढ,” असं मी मोठ्यानं म्हणालो. दादांना वाटलं मी त्यांनाच जोर देतोय. ते मागं न बघता ओरडले, “काढतोय रं!”

आणि काढला की! वर सपाटीला लागले तेव्हा चेहरा जांभळा झाला होता, पण पाय पेडलवरच.

माणूस जरा बसेल, पाणी पिईल? नाही. “काटा आण.” साक्षीनं जीपमधनं काटा आणला. दहा किलो दीडशे.

दादा काट्याकडं बघतच राहिले. “भट्टीतनं निघाल्यावर घट येती मुजीब. एकतीस वर्षांत माल वाढलेला म्या बघितला न्हाई!”

मी सगळं ओकून टाकलं. वाटलं, आता पंपच डोक्यात बसणार. त्यांनी पिशवी उघडली, एकेक वस्तू रस्त्यावर मांडली, डबा उघडून एक लाडू तोंडात टाकला आणि तसाच फोन लावला. दमलेल्या हातानं स्पीकरचं बटण कवा दाबलं गेलं, त्यांचं त्यांना कळलं नाही.

“आगं, चढलो. तुझा सव्वा किलो घिऊन चढलो. ऋषिराजला सांग, तिकीट रद्द कर.”

“कुठलं तिकीट?” वहिनी म्हणाल्या. “आवं, म्या ते काढूच दिलं न्हाई त्याला. तुमी चढा न्हाईतर चढू नका. एकतीस वर्सं वाट बघितली, आता म्या कुटं जाऊ द्याची न्हाई.”

दादांनी फोन खिशात ठेवला. मग घंटी उचलून माझ्या हातात दिली.

“बसव ही,” म्हणाले. “आन घट्ट बसव.”

पान्हा माझ्या खिशातच होता.