काकीची दोन मतं

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीतल्या कॅलेंडरवर दर महिन्याला दोन तारखांना पेन्सिलीने गोल केलेला असतो, पौर्णिमेला आणि अमावस्येला. घरमालकीण म्हणतात, "फार धार्मिक हो तुम्ही!" कसला धार्मिक? मी भितो. त्या दिवसांत धरमतरच्या खाडीला उधाण येतं, आणि त्या खाडीच्या बांधाआड, पेण तालुक्यातल्या एका पाड्यावर, माझी आई एकटी राहते. मी इकडे रोह्याला कंपनीत शिफ्टा करतो. मुळातच भित्रा माणूस आहे मी. कुत्रं भुंकलं तर रस्ता बदलतो. पण बाकीची भीती जन्माबरोबर आली, ही मात्र मी स्वतःच्या हाताने घरात आणली.

आमचं शेत आणि घर भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मध्ये फक्त मातीचा बांध. बांधात पाणी सोडायची दारं आहेत, त्यांना आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला फळ्या उचलायच्या, शेतातलं पाणी खाडीत जाऊ द्यायचं, आणि भरती चढायच्या आत फळ्या परत टाकायच्या. चुकलं की खारं पाणी आत, आणि मग दोन-तीन वर्षं त्या शेतात भात विसरा. हे काम शेजारची काकी करते. नवरा गेल्यापासून तीच करते. घरटी तिला थोडं भात मिळतं, आणि ते देतानाही लोकांचे हात आखडतात.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा पाडा आधीच पेटलेला होता. नळ बसवून वर्ष झालं तरी थेंब नाही. टँकर आला तर आला. सरपंचपदाला दोघं उभे, दोघंही हमरस्त्यावरच्या मोठ्या गावातले, आणि दोघांनीही मागच्या वेळी पाण्याच्याच थापा मारलेल्या. गावकीची बैठक देवीच्या देवळात बसली. घरटी एक पुरुष. वडील नाहीत, म्हणून आमच्या घरातून मी.

आणि मी शहाणा तिथे बोललो! मोबाइल काढला आणि वाचून दाखवलं, की 'वरीलपैकी कोणीही नाही' याला, म्हणजे नोटाला, सगळ्यांत जास्त मतं पडली तर निवडणूक परत घ्यावी लागते. सगळा पाडा नोटा दाबू, मग बघा कसे धावत येतात! लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीत मला सुपरवायझर नावानेसुद्धा हाक मारत नाही, आणि इथे म्हातारे माझ्याकडे मान वर करून बघत होते. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग देवीपुढे नारळ ठेवला. एकेकाने पुढे होऊन नारळाला हात लावला. आमच्याकडे असा नारळ ठेवला की ती शपथ सगळ्या घराला लागते, आणि मोडली तर भोग येतो तो हात लावणाऱ्यावर. मीही हात लावला. आईला विचारलंसुद्धा नाही.

काकीच्या घरात पुरुष नाही. त्यामुळे तिला बैठकीचं बोलावणं नव्हतं, शपथही नव्हती. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ती एकटी पेणला गेली आणि सरपंचपदाचा अर्ज भरून आली. निशाणी मिळाली कपबशी. दारोदार फिरून सांगत होती, "बांध नि पानी, दोनच कामा करीन. तिसरा बोलत नाय." लोक खाली मान घालून ऐकत. आपलं माणूस उभं राहिलं होतं आणि आपणच आपले हात बांधून बसलो होतो. त्यातच माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला, की ग्रामपंचायत काही आमच्या पाड्याची एकट्याची नाही. मोठं गाव नोटा कशाला दाबेल? मी गावकीचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो, चाचरत म्हटलं, "आता काकी उभी हाय, तर जरा..." तो म्हणाला, "नारल ठेवलाय. फिरायचा आसल तर देवीला तू सांग जा." मी चपला घालून घरी आलो.

मतदानाला रोह्याहून गेलो. यंत्रापुढे उभा राहिलो. कपबशी समोर दिसत होती. बोट तिथपर्यंत गेलंही. पण देवीचा तो नारळ डोळ्यांपुढे आला, आणि मी खालचं शेवटचं बटण दाबलं.

मतमोजणी पेणला कचेरीत झाली. आमच्या पाड्याच्या यंत्रात नोटाचा ढीग, आणि काकीला दोन मतं. मोठ्या गावातून काकीला बरीच मतं पडली होती, पण निवडून आला त्या दोघांतला डंपरवाला. तो काकीच्या जितक्या मतांनी पुढे होता, त्याहून आमच्या पाड्याची नोटाची मतं जास्त होती. ती काकीला पडली असती तर ती सरपंच झाली असती. हे गणित कोणी मोठ्याने बोललं नाही. सगळे एकच विचारत होते, एक मत तिचं, मग दुसरं कोणाचं? शपथ कोणी मोडली? मी काकीसाठी बोललो होतो, म्हणून नजरा माझ्यावर. मी देवीची आण घेऊन सांगितलं की मी नाही. खरंच मी नव्हतो. त्याचीच आता लाज वाटते.

त्या दिवसापासून आईचे फोन सुरू झाले. शिफ्ट सुटायचा अवकाश, फोन वाजतो. "पोचलास का?" रोज. एकदा फोन बंद पडला होता तर खालच्या दुकानदाराला फोन करून तिने मला बोलावून घेतलं. मी वैतागून म्हणायचो, मी काय कुकुलं बाळ आहे?

डंपरवाल्याने पहिल्याच महिन्यात खाडीवरच्या नव्या जेटीच्या, म्हणजे धक्क्याच्या, रस्त्याला ना हरकत दाखला दिला. रस्ता कुठून, तर आमच्या बांधावरून! डंपरांनी उघाडीजवळ बांध दबला, चौकट तिरकी झाली, फळ्या नीट बसेनात. आम्ही पाच-सहा जण त्याच्याकडे गेलो. तो हसत म्हणाला, "तुमच्या पाड्याला कोणीच नको होतं ना? मग आता कोणाकडे आलात?"

श्रावणातल्या अमावस्येला रजा टाकून मी सकाळची एस.टी. पकडली. उधाण भर दुपारी होतं. घरी पोचलो तर दाराला कडी. धावत बांधावर गेलो. खाडी काठोकाठ, आणि तिरक्या फळ्यांच्या फटीतून पाणी आत उसळत होतं. काकी कमरेइतक्या पाण्यात, आणि तिच्या शेजारी माझी आई. दोघी चिखलाच्या गोणी फटीत कोंबत होत्या. मी काठावरच थबकलो. आईचा पाय सरकला तर? "उभा काय राहतंस? गोणी दे!" काकी ओरडली. मी उतरलो. कसा उतरलो देव जाणे.

भरती फिरेपर्यंत आम्ही तिघंच होतो. घर वाचलं. खालचं अर्धं शेत खारं झालं. आम्ही बांधावर बसलो, काकी हात धुवायला गेली, तेव्हा आई एकदम म्हणाली, "ता दुसरा मत माजा होता."

"आये, हळू!" मी आधी आजूबाजूला बघितलं. असा मी!

"शपथ मी मोरली. पन नारलाला हात तुजा लागलेला. तुला कंपनीत काय झाला तर, म्हनून रोज फोन करतंय. रोज भ्या वाटतं मना."

"मग दाबलंस कशाला ते बटण?"

तिने पदराने तोंड पुसलं. "भरतीला फल्या कोन टाकतं? देवी टाकतं का काकी?"

इतके महिने ती माझ्यासाठी घाबरत होती, आणि मी वैतागत होतो. मला भीती वाटली म्हणून मी खालचं बटण दाबलं. तिलाही वाटली होती, माझ्याहून जास्त.

संध्याकाळी अष्टमीला खोलीवर आलो. बूट काढायच्या आधी मीच फोन लावला. "पोचलो गो आये," म्हटलं. तिने विचारलं, "फुडच्या उधानाला येशील ना?"

फळ्या अजून तिरक्याच होत्या. "येतो," म्हटलं, आणि मग गावकीच्या म्हाताऱ्याचा नंबर लावला. म्हटलं, "गोणी कमी पडल्या. पुढच्या वेळी सगळ्यांनी या. आणि बैठकीला काकीलाही बोलवा."