दगड झालेला फेसपॅक

पाकीट टेबलावर ठेवून प्राजक्ता मॅडम म्हणाल्या, “यात भेसळ आहे, एवढंच मला लिहून हवंय.”

पाध्ये सरांनी पाकिटाला हात लावला नाही. “आहे की नाही ते तपासून सांगतो. आधी लिहून देत नाही.”

मी रोह्यातल्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये अॅनालिस्ट आहे. लोक पाणी, मसाले, तेल, साबण असं काहीबाही आणतात आणि त्यात काय आहे ते आम्ही शोधून सांगतो. सर आमचे लॅब इन्चार्ज. मी जित्याजवळच्या एका गावातली, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली. आमच्यात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच. बी.एस्सी. झाल्यावर सरांनी कोणाच्या ओळखीशिवाय मला घेतलं, म्हणून त्यांचा शब्द मी खाली पडू देत नाही. त्यांचा एक नियम आहे. संशय डोक्यात ठेवायचा, रिपोर्टमध्ये लिहायचा नाही.

प्राजक्ता मॅडम पूर्वी शिक्षिका होत्या. आता पेणमध्ये त्यांचं दुकान आहे. घरी बनवलेली तोरणं, भिंतीवर लावायच्या शोभेच्या वस्तू, उटणी, असा माल त्या ठेवतात. बराचसा माल पेणजवळच्या जोहे गावातल्या एका बचत गटाकडून येतो. पाकिटावर हाताने लिहिलं होतं, “घरगुती फेसपॅक. मुलतानी माती, मसुराचं पीठ, आंबेहळद, गुलाबपाकळी.”

“तक्रार काय आहे?” मी विचारलं.

“लावल्यावर गरम होतो. मग घट्ट होतो. धुतला तरी निघत नाही. एका गिऱ्हाइकाच्या भुवईचे केस गेले ओढून काढताना.”

“त्या गिऱ्हाइकाला भेटता येईल?”

“कशाला? मी सांगतेय ना.”

बाहेर पाऊस होता, लॅबमध्ये ट्यूब लावावी लागली होती, आणि मॅडमनी मोठा काळा चष्मा काढला नव्हता. ते माझ्या लक्षात राहिलं.

“रिपोर्ट मिळाला की मी गटाचा सगळा माल बंद करणार,” त्या म्हणाल्या. “तोरणंसुद्धा. आणि पंचायतीत सांगणार. रंजना नावाची बाई आहे गटाची प्रमुख. गोड बोलते फार.”

गणपती तोंडावर आले होते. गटातल्या आठ बायकांचं वर्षाचं बरंचसं काम याच दिवसांत होतं. रिपोर्टवर भेसळ हा एक शब्द आला असता तर त्यांच्या हातचं तोरणही कोणी दारावर लावलं नसतं.

पाकिटाचं मूळ सील फाटलेलं होतं आणि वरून ते स्टेपलरने बंद केलेलं होतं. म्हणजे मधे कुणीतरी उघडलं होतं. सरांनी ते मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, “मीच उघडलं. बघायला.” उघडलेल्या पाकिटात कोणी काहीही घालू शकतं. त्यामुळे माझ्या संशयितांच्या यादीत पहिलं नाव तक्रारदाराचंच आलं.

पहिली शंका होती चमकीची. ज्या बायका तोरणाला सोनेरी पावडर लावतात, त्याच फेसपॅक चाळतात. मी पावडर मायक्रोस्कोपखाली पाहिली. चमकीचा एक कण नव्हता. मग रंग गोरा करणाऱ्या रसायनाची शंका. त्याचाही माग लागला नाही.

मग सल्फेटची टेस्ट केली. पावडर सौम्य अॅसिडमध्ये हलवायची, गाळायची आणि गाळलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकायचे. सल्फेट असेल तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. झालं.

“सर, प्लास्टर.”

“सल्फेट म्हणजे प्लास्टर नाही,” सर म्हणाले. “मुलतानी मातीत मुळातच थोडं जिप्सम असू शकतं. प्लास्टर काय करतं? ते करून दाखव.”

प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी पितं, गरम होतं आणि दगड होतं. नुसती माती यातलं फक्त पहिलं करते. मी दोन बीकर घेतले. एकात बाजारातून आणलेली मुलतानी माती, दुसऱ्यात हे. दोन्हीत सारखं पाणी, दोन्हीत थर्मामीटर. पहिल्यातला पारा हलला नाही. दुसऱ्यातला हळूहळू चढला. अर्ध्या तासाने पहिल्या बीकरमध्ये चिखल होता. दुसऱ्यातून थर्मामीटर निघेना. जोर केला तर तुटला असता, म्हणून शेवटी बीकर फोडावा लागला.

“आता हे सीलबंद पाकिटात मिळतं का बघ,” सर म्हणाले. “जोह्याला जा. सॅम्पल स्वतःच्या हाताने घे. कुणावर आरोप करू नकोस आणि कुणाचा चहा नाकारू नकोस.”

सकाळच्या गाडीने पेणला उतरले आणि तिथून एसटीने जोह्याला गेले. त्या दिवसांत जोह्यात पाय ठेवायला जागा नसते. घरोघरी कारखाने, ओसरीवर, पडवीत, माळ्यावर गणपती. दारादारात प्लास्टरच्या गोण्या, तिथल्या भाषेत कट्टे. कट्टे पाहून मला वाटलं, उत्तर मिळालंच. स्वस्त पांढरी पावडर दारात पडलेली. मुलतानी विकत आणावी लागते. वजन वाढवायला यापेक्षा सोपं काय?

रंजनाताई चाळिशीच्या, चटपटीत. त्यांनी मला सरळ स्वयंपाकघरात नेलं. “इथंच करतो आम्ही सगळं. बघा ना, किती साफ हाय.”

खरंच साफ होतं. चाळण साफ, मिक्सर साफ, ओटा साफ. जरा जास्तच साफ होतं. शंभर पाकिटांची आंबेहळद जिथे चाळली जाते तिथे ओट्याच्या फटीत, चाळणीच्या कडेला, कुठेतरी पिवळं दिसायला हवं. माझ्या आईने एकदा हळद दळली की तिची नखं पुढच्या बाजारापर्यंत पिवळी राहायची. इथे एक डाग नव्हता.

“ताई, हळद कुठे चाळता?”

“इथंच की.”

“आधीचं एखादं पाकीट आहे? उन्हाळ्यातलं?”

“नाय. सगळी संपली.”

बोलताना त्यांनी मागचं दार पायाने ओढून घेतलं. दाराच्या कडीवर पिवळी बोटं उमटलेली होती.

मी सॅम्पलची पिशवी खाली ठेवली. “ताई, मी पोलीस नाही. पण ते दार उघडल्याशिवाय मला जाता येणार नाही.”

दार उघडलं. मागे त्यांच्या दिरांचा गणपतीचा कारखाना होता. मूर्ती सुकवायला मोठे बल्ब आणि पंखे लावलेले. कोपऱ्यात पिवळं झालेलं घमेलं, चाळण, पाकिटांचा ढीग आणि भोवती बसलेल्या गटाच्या बायका. आणि घमेल्यापासून दोन पावलांवर प्लास्टरचा तोंड फोडलेला कट्टा.

रंजनाताई ओट्याला टेकून राहिल्या. “गटाच्या फॉर्मवर आम्ही घरची जागा लिहिली व्हती, मॅडम. पाऊस सुरू झाला आन् घरात हळदीला बुरशी धरली. इथं कोरडं असतं. म्हणून सामान हलवलं. तुमी आल्याव कळलं तर गट बंद होईल म्हणून बोलली नाय.”

“एवढंच लपवलंत?”

“एवढंच. देवाशपथ. भेसळ नाय केली.”

घमेल्याभोवती बसलेल्या बायकांना मी एकेक करून विचारलं. भेसळ कोणी केली नव्हती. एक म्हणाली, कारखान्यातल्या कामगारांनी मुद्दाम टाकलं असेल, त्यांना आमची गर्दी नको असते. दुसरी म्हणाली, “ती पेणची मॅडमच टाकीत असंल. भाव पाडायला.” तिसरी पहिलीकडे बघून म्हणाली, “चाळायला तर तूच असतेस गो.” वर्षानुवर्षं एकत्र बसणाऱ्या बायका माझ्या एका प्रश्नाने सरकून बसल्या. मला ते आवडलं नाही. पण कट्टा समोर होता, आणि माझाही कोणावर विश्वास बसत नव्हता.

मी ढिगातली तीन पाकिटं काढली, सील केली, सह्या घेतल्या. जागेवरच एका वाटीत चमचाभर पावडर कालवून ठेवली. चहा आला. सरांचं आठवून बसले.

माझ्या बाजूला एक म्हातारी बाई खाली मान घालून गणपतीचे डोळे आखत होत्या. हात जरासुद्धा हलत नव्हता. या भागीकाकू. रंजनाताईंच्या चुलतसासू, चाळीस वर्षं मूर्तीकामात. मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं. मला त्या कारखान्याच्या वाटल्या, गटाच्या नाही.

चहा पिता पिता मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. “काकू, पावसात हा तोंडाला लावायचा लेप सुकतो कसा? आमच्याकडे जित्याला रुमालसुद्धा सुकत नाही.”

“सुकत कुठं व्हता,” काकू ब्रश न थांबवता म्हणाल्या. “गिऱ्हाईक बोंबलत व्हती, तासभर तोंड वलंच राहतंय म्हणून. मंग मी घमेल्यात चार मुठी टाकाया लागली.”

“कसल्या?”

त्यांनी ब्रशच्या टोकाने कट्टा दाखवला.

रंजनाताईंनी हातातला चहा खाली ठेवला.

“काकू,” त्या म्हणाल्या, “आपण एवढं एकमेकींवर आलो. तू बोलली का नाय?”

“मला कोणी इचारलं? ही पोर म्हणते भेसळ केली का. मी कशाला भेसळ करीन? गणपतीचा कान तुटला तर शाडूत चिमूटभर हेच घालतो ना आपण? लगेच धरतं. चांगला माल घातलाय. नवा कट्टा फोडला त्याच्यापायी.”

“अगो पण ते मूर्तीला, काकू. हे माणसाच्या तोंडाला लावायचं.”

“मंग तोंड धरून ठेवायलाच लावतात ना? पुडीवर तूच लिवलंस, त्वचा घट्ट होते.”

पुडीवर खरंच तसं लिहिलं होतं. एक बाई तोंडाला पदर लावून हसली, मग दुसरी. मी वाटीतला चमचा ओढून पाहिला. तो आता वाटीसकट उचलला जात होता. काकूंनी वाटी हातात घेतली, नखाने टिचकी मारली आणि म्हणाल्या, “बेस झालंय की.” मग वाटी उलटी करून बघितली. स्वतःच्या गालाला हात लावला. “कोणाला लागलं काय गो, पोरी?”

“एका बाईची भुवई गेली, काकू.”

त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला. त्यानंतर त्या दिवशी त्यांनी डोळे आखले नाहीत.

रोह्याला येऊन सीलबंद पाकिटांवर तेच दोन बीकर पुन्हा लावले. निकाल तोच आला. म्हणजे प्राजक्ता मॅडमनी काही टाकलं नव्हतं. मी रिपोर्ट लिहिला. नमुन्यात प्लास्टर आढळले. पाण्याशी संयोग होऊन उष्णता निर्माण होते. त्वचेवर वापरण्यास अयोग्य. भेसळ हा शब्द लिहिला नाही. पदार्थ काय आहे ते लॅब सांगते, तो का घातला हे सांगणं लॅबचं काम नाही.

रिपोर्ट द्यायला मी स्वतः पेणला गेले. ते माझं काम नव्हतं, पण सर नको म्हणाले नाहीत. दुकानात रंजनाताई आणि भागीकाकू आधीच येऊन उभ्या होत्या. विकायची राहिलेली पाकिटं त्यांनी पिशवीत भरून परत घेतली होती.

मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला. “यात भेसळ लिहिलेलं नाही.”

“नाही,” मी म्हणाले. “कसं झालं ते काकू सांगतील.”

काकूंनी सांगितलं. काहीही न वगळता, चार मुठी आणि नव्या कट्ट्यासकट. शेवटी म्हणाल्या, “चूक माझी हाय. रंजनाची तोरणं नका बंद करू. आन् ज्या बाईची भुवई गेली तिला मला भेटवा.”

मॅडमनी रिपोर्ट गल्ल्यावर ठेवला. मग त्यांनी काळा चष्मा काढला. डाव्या भुवईचा बाहेरचा अर्धा भाग नव्हता.

काकू पुढे झाल्या. त्यांनी मॅडमची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं, मूर्तीचं वळवतात तसं. “काजळ हाय?” पिशवीतून स्वतःचा बारीक ब्रश काढला, नवा, कागदात गुंडाळलेला. “हलू नका. बोलू बी नका.”

उजव्या भुवईकडे एकदाच पाहून त्यांनी डावी आखली. मॅडमनी आरसा बघितला. मग बाजूला ठेवून पुन्हा घेतला.

“रोज कोण काढून देणार?” त्या म्हणाल्या. आवाज अजून रागाचाच होता.

“केस येईपर्यंत मी येते. पेणला एसटी असतेच.”

तोरणं चालू राहिली. फेसपॅक पाऊस संपेपर्यंत बंद आहे. रंजनाताईंनी फॉर्मवरची जागा दुरुस्त करायला दिली आहे. कारखान्याबाहेरची वेगळी, कोरडी खोली दाखवल्याशिवाय लॅब नवा नमुना घेणार नाही, असं सरांनी त्यांना कळवलं. तुम्हीही घरी बनवलेला कुठलाही लेप आणलात तर आधी चमचाभर वाटीत कालवून अर्धा तास ठेवा. चमचा निघाला तर पुढचं बघता येईल.

आमच्या नमुना फॉर्मवर मी एक रकाना वाढवून घेतला आहे. आधी फक्त उत्पादकाचं नाव असायचं. आता खाली आणखी एक ओळ आहे, ‘मिश्रण प्रत्यक्ष कोण कालवतं?’ बहुतेक लोक ती रिकामी सोडतात. मग मी फोन करते आणि त्या व्यक्तीलाच फोनवर बोलावून घेते. भेसळ केली का असं विचारत नाही. पावसात काय करता, एवढंच विचारते.